बालकांना प्राचीन जीवसृष्टीची ओळख

डायनोसॉर हा शब्द आज खेड्यातील मुलांनाही परिचित आहे. चित्रांतून आणि चित्रपटांतून त्यांनी तो पाहिलेला असतो. परंतु या परिचयात भीती आणि कल्पनाच अधिक असतात. माणूस आणि डायनोसॉर एकाच काळी वावरत होते, असे अनेक मुलांना वाटते. हा गैरसमज दूर करावयाचा, तर 'तो प्राणी केवढा होता?' याबरोबरच 'हे आपल्याला कसे समजले?' हा प्रश्न वर्गात विचारला गेला पाहिजे.

काळाची दोरी

कोट्यवधी वर्षांचे आकडे बालमनाला पेलत नाहीत. त्यासाठी शाळेच्या पटांगणात ४६ मीटर लांबीची दोरी अंथरावी आणि एक मीटर म्हणजे दहा कोटी वर्षे असे मानावे. दोरीचे एक टोक म्हणजे पृथ्वीचा जन्म व दुसरे टोक म्हणजे आजचा दिवस. डायनोसॉर अवतरले ती खूण आजच्या टोकापासून सुमारे २ मीटर ३० सेंटिमीटरवर येते. ते नाहीसे झाले ती खूण ६६ सेंटिमीटरवर, तर आपल्या मानवजातीचा सारा इतिहास अखेरच्या अवघ्या तीन मिलिमीटरांत मावतो. ही दोरी एकदा पाहिलेले मूल तो गैरसमज पुन्हा बाळगणार नाही.

आपल्याच मातीतील पुरावे

हे पुरावे परदेशातच सापडतात असे नाही. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातील कोटा या खडकथरात ज्युरासिक काळातील एका प्रचंड शाकाहारी डायनोसॉरची हाडे मिळाली. त्याच्या मांडीचे एक हाड सुमारे १.७ मीटर लांब होते. म्हणून 'मोठा पाय' या अर्थाच्या बंगाली शब्दांवरून आणि उत्खननाच्या वेळी साजऱ्या होत असलेल्या रवींद्रनाथ ठाकूर यांच्या जन्मशताब्दीच्या स्मरणार्थ १९७५ मध्ये त्यास 'बारापासॉरस टागोराय' असे नाव देण्यात आले. त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे मिळालेल्या 'इसिसॉरस' या प्राण्याच्या नावात तर याच संस्थेच्या नावाची आद्याक्षरे गुंफलेली आहेत.

त्याच जिल्ह्यातील पिसदुरा येथील शोध मुलांना विशेष रुचेल. तेथे डायनोसॉरची अश्मीभूत विष्ठा सापडते. २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी तिच्यात गवताच्या पेशींतील सिलिकेचे सूक्ष्म कण ओळखले. ते किमान पाच प्रकारच्या गवतांचे होते. डायनोसॉरच्या काळात गवत नव्हते, ही तोवरची समजूत त्यामुळे बदलावी लागली. दगडासारख्या दिसणाऱ्या एका गोळ्याने एवढे ज्ञान दिले!

वर्गातील प्रयोग

ओल्या चिखलात कोंबडीच्या पायाचा ठसा उमटू द्यावा आणि तो वाळल्यावर मुलांना दाखवावा. ठसे कसे टिकतात हे त्यावरून समजेल. पक्षी हे डायनोसॉरचेच वंशज आहेत, हेही याच वेळी सांगावे. सर्वच डायनोसॉर अजस्र नव्हते, काही कोंबडीएवढे होते, हे ऐकून मुलांचे कुतूहल अधिकच वाढेल.

ग्रामपंचायतींचे सहकार्य

जीवाश्म एकदा फुटला वा जागेवरून हलला, की त्याची निम्मी कहाणी हरवते. कारण तो कोणत्या थरात होता यावरूनच त्याचा काळ ठरतो. विहीर, रस्ता वा तलावाचे खोदकाम करताना हाडासारखा दगड अथवा गोल अंड्यासारखे गोळे आढळल्यास ते फोडू नयेत, घरी नेऊ नयेत व विकू नयेत. जागेची नोंद करून तहसील कार्यालयास आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर येथील कार्यालयास कळवावे. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचाजवळ वडधम येथे जीवाश्म उद्यान उभे राहिले आहे. शाळांच्या सहली तेथे नेता येतील.

कोट्यवधी वर्षे खडकाने जपलेला हा ठेवा एका कुदळीच्या घावाने नष्ट होऊ शकतो. ज्या गावातील मुलांना त्याचे मोल कळले, त्या गावात तो घाव घालणारा हात आपोआप थांबेल.