डबी गेली, खेळ राहिला. पण मालकीचे काय?

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात आलामोगोर्डो नावाचे एक लहानसे शहर आहे. एप्रिल २०१४ मध्ये तेथील जुन्या कचराभूमीवर खोदकाम झाले, तेव्हा ते पाहण्यासाठी दूरदूरहून माणसे जमली होती. मातीखालून सोन्याची नाणी निघाली नाहीत की एखाद्या प्राचीन संस्कृतीचे अवशेषही नाहीत. निघाली ती चेपलेली, मळलेली प्लॅस्टिकची कार्ट्रिज. अटारी या कंपनीने १९८३ मध्ये आपला न खपलेला माल ट्रकांत भरून तेथे नेऊन पुरला होता. ‘ई.टी.’ या गाजलेल्या चित्रपटावर घाईघाईने बेतलेला व्हिडीओ गेमही त्यात होता.

हा प्रसंग आज गमतीने सांगितला जातो. पण व्हिडीओ गेमच्या व्यवसायाचे जुने दुखणे त्यात नेमके दिसते. खेळ म्हणजे मुळात संगणकाला दिलेल्या आज्ञा, चित्रे आणि ध्वनी. त्याला वजन नाही आणि जागाही लागत नाही. तो विकायचा म्हटले की मात्र त्याला कार्ट्रिज, सीडी, डबी आणि छापील पुस्तिका असा देह द्यावा लागे. हा देह आधी पैसे ओतून तयार करायचा, जहाजाने-ट्रकने दुकानापर्यंत पोहोचवायचा आणि गिऱ्हाइकाची वाट पाहायची. अंदाज चुकला की मालाची रवानगी थेट कचऱ्यात. गेल्या दोन दशकांत या व्यवसायाने हा देहच टाकून देण्याचा मार्ग धरला. आज जगभरातले बहुतांश गेम दुकानातून नव्हे, तर इंटरनेटवरून थेट घरी उतरतात. या बदलात खेळणाऱ्याचा फायदा नक्कीच झाला. मात्र त्याच वेळी त्याच्या हातून काही निसटले, आणि ते काय, हे अनेकांच्या उशिरा लक्षात आले.

आपल्याकडे १९९० च्या दशकात टीव्हीला जोडायच्या गेमचे जे खेळणे मिळे, त्याच्या कार्ट्रिजला मुले सरसकट ‘कॅसेट’ म्हणत. कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची, हा घरोघरीचा रामबाण उपाय होता. जपानच्या निन्टेंडो कंपनीच्या साम्राज्याचा पाया हीच कॅसेट होती. कार्ट्रिज निन्टेंडोकडूनच बनवून घ्यावी लागत. त्यामुळे किती गेम निघतील आणि किती प्रती बनतील, या दोन्ही गोष्टींवर तिचा वचक होता. १९९४ च्या डिसेंबरात सोनीने जपानमध्ये प्लेस्टेशन बाजारात आणले आणि या वचकाला तडा गेला. प्लेस्टेशनचे गेम सीडीवर येत. एका सीडीत सुमारे ६५० एमबी माहिती मावे, तर १९९६ च्या निन्टेंडो ६४ या यंत्राच्या कार्ट्रिजची कमाल मर्यादा ६४ एमबी होती. सीडी बनवायला स्वस्त होती आणि मागणी वाढल्यास लगेच आणखी प्रती काढता येत. ‘फायनल फँटसी’ या मालिकेचा सातवा भाग निन्टेंडोची साथ सोडून १९९७ मध्ये प्लेस्टेशनवर आला, तो तीन सीडींचा ऐवज घेऊन. पुढे डीव्हीडी आली, मग ब्लू-रे आली. तबकडीची क्षमता वाढत गेली, पण व्यवहार तोच राहिला. दुकानात जायचे, पैसे मोजायचे आणि डबी घेऊन घरी यायचे.

तारेवरून खेळ पाठवण्याची कल्पना मात्र सीडीहूनही जुनी आहे. १९८३ मध्येच अमेरिकेत ‘गेमलाइन’ नावाची सेवा निघाली होती. अटारीच्या यंत्राला टेलिफोनची तार जोडून त्यावर गेम उतरवून घेण्याची ती सोय होती. सेवा बुडाली, पण ती चालवणाऱ्या कंपनीच्या अवशेषांतून पुढे अमेरिका ऑनलाइन ही बलाढ्य इंटरनेट कंपनी उभी राहिली. सेगा कंपनीने १९९४ मध्ये केबल टीव्हीच्या तारेवरून आणि निन्टेंडोने १९९५ मध्ये जपानमध्ये उपग्रहावरून गेम पाठवून पाहिले. हे प्रयोग काळाच्या पुढचे होते. घरोघरी वेगवान इंटरनेट आणि मोठी हार्ड डिस्क पोहोचल्याशिवाय ही कल्पना मूळ धरणे शक्य नव्हते.

ती वेळ आली २००३ मध्ये. अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपनीने त्या वर्षी १२ सप्टेंबरला ‘स्टीम’ ही प्रणाली सुरू केली. तिचा मूळ हेतू दुकान काढण्याचा नव्हताच. ‘काउंटर-स्ट्राइक’सारखा गेम हजारो लोक एकमेकांविरुद्ध खेळत. त्यात दुरुस्ती केली की ती सर्वांपर्यंत एकाच वेळी पोहोचवणे जिकिरीचे होई. ते काम आपोआप व्हावे म्हणून ही यंत्रणा उभारली गेली. पण नोव्हेंबर २००४ मध्ये ‘हाफ-लाइफ २’ आला तेव्हा कंपनीने पुढचे पाऊल टाकले. दुकानातून सीडी आणली तरी इंटरनेटवर स्टीमचे खाते उघडल्याशिवाय गेम चालणार नाही, अशी अट तिने घातली. तेव्हा खेळणाऱ्यांनी भरपूर बोटे मोडली. आज मात्र तेच स्टीम संगणकावरील गेमची जगातील सर्वांत मोठी बाजारपेठ आहे. मार्च २०२५ मध्ये एकाच वेळी तेथे हजर असलेल्यांची संख्या ४ कोटींच्या पुढे गेली होती.

टीव्हीला जोडायच्या यंत्रांनी हा रस्ता सावकाश पार केला. मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स ३६० (२००५), सोनीचे प्लेस्टेशन ३ आणि निन्टेंडोचे वी (दोन्ही २००६) या तिन्ही यंत्रांना स्वतःचे इंटरनेट दुकान होते. पण सुरुवातीला तेथे प्रामुख्याने छोटे किंवा जुने गेम मिळत. २००९ मध्ये सोनीने तबकडीची जागाच नसलेले ‘पीएसपी गो’ हे हातातले यंत्र काढले, ते ग्राहकांनी नाकारले. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने नव्या एक्सबॉक्स वनची घोषणा करताना दोन अटी सांगितल्या. यंत्र दर २४ तासांनी एकदा तरी इंटरनेटला जोडावे लागेल आणि वापरलेली तबकडी दुसऱ्याला देण्यावर बंधने येतील. त्यावर गदारोळ उठला. सोनीने ही संधी साधून एक छोटी चित्रफीत काढली. तिच्यात एक माणूस दुसऱ्याच्या हातात डबी ठेवतो, एवढेच होते. त्याच जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने अटी मागे घेतल्या.

ग्राहकांनी लढाई जिंकली खरी, पण युद्धाचा निकाल वेगळा लागला. जे सक्तीने साधले नाही, ते सवयीने साधले. २०२० च्या नोव्हेंबरात प्लेस्टेशन ५ आले, तेव्हा त्याची तबकडीविना आवृत्तीही स्वस्तात उपलब्ध होती. एक्सबॉक्सच्या स्वस्त यंत्रात तर तबकडीला जागाच नव्हती. नोव्हेंबर २०२४ मधील महागड्या प्लेस्टेशन ५ प्रोमध्येही तबकडी वाचणारा भाग नाही. हवा असल्यास तो वेगळा विकत घ्यावा लागतो. सोनीच्या यंत्रांवरील पूर्ण गेमच्या विक्रीत डिजिटल प्रतींचा वाटा अलीकडे दोन तृतीयांशांच्या वर गेला आहे.

उद्योगाला हा बदल का हवाहवासा वाटला, हे समजणे अवघड नाही. छपाई, वाहतूक, गोदाम, दुकानदाराचे कमिशन आणि पडून राहिलेला माल हे सारे खर्च एका फटक्यात गेले. त्याहून महत्त्वाचे कारण जुन्या तबकड्यांच्या बाजाराचे होते. एक तबकडी दुकानातून एकदा विकली जाई आणि पुढे चार हातांतून फिरे. त्यातल्या पहिल्या विक्रीचाच पैसा निर्मात्याला मिळे. अमेरिकेतील गेमस्टॉपसारख्या दुकानसाखळीचा मोठा नफा या फेरविक्रीतून येई. खात्याला बांधलेली डिजिटल प्रत फेरविक्रीला काढताच येत नाही. साहजिकच तो नफा आटला आणि अशा दुकानांना उतरती कळा लागली.

याची दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. तबकडीच्या काळात एखाद्या छोट्या चमूला आपला गेम दुकानाच्या फळीपर्यंत नेणे जवळपास अशक्य होते. डिजिटल दुकानात फळीची लांबी अमर्याद असते. दुकानाचे मालक विक्रीतून साधारण ३० टक्के वाटा कापून घेतात, पण दार उघडे असते. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने काही वर्षे खपून तयार केलेला ‘स्टारड्यू व्हॅली’ २०१६ मध्ये स्टीमवर आला आणि जगभर खपला. आपल्या पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या चमूचा, भारतीय पुराणकथांच्या वातावरणात घडणारा ‘राजी’ हा गेम २०२० मध्ये याच मार्गाने परदेशातील खेळणाऱ्यांपर्यंत पोहोचला. संगणकावरचे गेम वर्षातून अनेकदा निम्म्याहून कमी किमतीत मिळतात, तेही याच व्यवस्थेमुळे. शिवाय सीडीवर चरा पडण्याची धास्ती नाही आणि घरात डब्यांचा पसाराही नाही.

मग घोडे अडते कुठे? ते ‘विकत घेणे’ या शब्दापाशी अडते. सीडी घेतली तेव्हा ती वस्तू आपली होती. मित्राला द्यावी, धाकट्या भावाला सोपवावी किंवा कंटाळा आल्यावर विकून टाकावी. डिजिटल दुकानात आपण घेतो तो केवळ वापराचा परवाना. तो खात्याला जोडलेला असतो आणि खाते दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. वडिलांची पुस्तके मुलाकडे येतात, पण वडिलांनी घेतलेले शंभर गेम करारानुसार मुलाकडे येत नाहीत. युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये, डाउनलोड केलेल्या सॉफ्टवेअरचा परवाना दुसऱ्याला विकता येतो, असा निवाडा दिला होता. त्याच धर्तीवर पॅरिसच्या एका न्यायालयाने २०१९ मध्ये स्टीमवरील गेमच्या फेरविक्रीच्या बाजूने कौल दिला. पण गेम म्हणजे केवळ सॉफ्टवेअर नव्हे, तर चित्र-संगीत-कथेची मिळून बनलेली कृती आहे, असे म्हणत अपील न्यायालयाने २०२२ मध्ये तो निर्णय फिरवला.

परवान्याचा खरा अर्थ काय, हे ‘द क्रू’ या गेमने दाखवून दिले. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा, मोटारशर्यतींचा हा गेम २०१४ मध्ये आला. एकट्याने खेळायचा म्हटले तरी त्याला कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेले असावे लागे. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने सर्व्हर बंद केले आणि पैसे मोजून घेतलेला गेम सर्वांच्याच घरी एकदम निकामी झाला. ज्यांच्याकडे तबकडी होती, त्यांचीही गत तीच. त्यानंतर काही दिवसांतच ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू झाली. विकलेला गेम बंद करताना तो खेळता येईल अशा स्थितीत सोडावा, एवढीच तिची मागणी आहे. तिच्या पाठिंब्यासाठी युरोपीय संघात दाखल झालेल्या नागरिकांच्या अर्जाने जुलै २०२५ मध्ये १० लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने तर कायदाच केला. हा केवळ परवाना आहे हे स्पष्ट सांगितल्याखेरीज डिजिटल मालासाठी ‘विकत घ्या’ असे शब्द वापरता येणार नाहीत, अशी तरतूद तेथे १ जानेवारी २०२५ पासून लागू झाली.

तबकडी जपून ठेवणे हा यावर उपाय आहे काय? पूर्वी होता, आता तितकासा नाही. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ मालिकेच्या २०२२ मधील गेमची प्लेस्टेशन ५ ची तबकडी तपासली, तेव्हा तिच्यावर जेमतेम ७० एमबी माहिती आढळली. बाकीचा सगळा गेम इंटरनेटवरूनच उतरवायचा होता. जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेंडो स्विच २ या यंत्राच्या काही गेमच्या कार्ट्रिजमध्ये गेम नसतोच. असते ती फक्त तो उतरवून घेण्याची किल्ली. अशी डबी हातोहात फिरू शकते, हा तिचा गुण. पण ज्या दिवशी पलीकडचा सर्व्हर बंद होईल, त्या दिवशी ती किल्ली कुलूप नसलेल्या दाराची ठरेल.

आणि सर्व्हर बंद होतातच. वीचे इंटरनेट दुकान जानेवारी २०१९ मध्ये बंद झाले, निन्टेंडोच्याच ३डीएस आणि वी यू या यंत्रांची दुकाने मार्च २०२३ मध्ये, तर एक्सबॉक्स ३६० चे जुलै २०२४ मध्ये. केवळ तेथेच मिळणारे अनेक गेम त्यांच्याबरोबर बाजारातून नाहीसे झाले. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन या संस्थेने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीनुसार, अमेरिकेत २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे बाजारात मिळत नाहीत. यातले बहुतेक तबकडीच्या किंवा कार्ट्रिजच्या काळातले आहेत, म्हणून जुन्या बाजारात किंवा एखाद्या संग्राहकाच्या कपाटात त्यांची प्रत सापडू तरी शकते. आजच्या गेमना तेवढेही नशीब लाभेल याची खात्री नाही. मूकपटांच्या जमान्यातील किती चित्रपट असेच कायमचे हरवले, याची हळहळ आपण अजून करतो.

अर्थात, घड्याळाचे काटे मागे फिरवता येणार नाहीत आणि तशी गरजही नाही. मोबाइलवर खेळणाऱ्या आपल्याकडच्या कोट्यवधी मुलांनी गेमची सीडी कधी हातात धरलेलीच नाही. प्रश्न तबकडीचा नाही, विश्वासाचा आहे. देह नसलेली वस्तूही ग्राहकाच्या हक्काची ठेवता येते, हे ‘गॉग’ या दुकानाने २००८ पासून दाखवले आहे. तेथे घेतलेल्या गेमची फाइल कुठल्याही कुलपाविना आपल्या संगणकावर साठवता येते. मुलासाठी गेम घेणाऱ्या पालकांनी पैसे भरण्यापूर्वी निदान तीन गोष्टी पाहाव्यात. गेम इंटरनेटविना चालतो काय, डबी घेतल्यास तिच्यात पूर्ण गेम आहे काय आणि खाते कोणाच्या नावावर आहे. अटारीने १९८३ मध्ये मातीत पुरलेले गेम ३१ वर्षांनी उकरून काढता आले. सर्व्हरवरून पुसलेला गेम उकरून काढायला कचराभूमीही उरत नाही.