पोकलेन बंद पडले : दोष तेलाचा की विजेचा?



ऊस तुटून गेला, तलाव आटले, की आपल्या वाशीम जिल्ह्यात पोकलेनचे दिवस सुरू होतात. शेततळे, नाला खोलीकरण, तलावातला गाळ उपसून रानात टाकणे ही सारी कामे मृगाच्या आत उरकावी लागतात. शासनाने २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू केली, तेव्हापासून हे काम आपल्या चांगल्या परिचयाचे झाले आहे. अशा ऐन घाईत गाडी थांबते. इंजिन चालू असते, पण बूम उचलत नाही. लगेच कुणीतरी म्हणतो, “पंप गेला!” आणि तलावाच्या काठी, धुळीत, पंप खोलायची तयारी सुरू होते.

आमचे सांगणे एवढेच, की पाना हातात घेण्यापूर्वी अर्धा तास वीज तपासा. दोष पुष्कळदा एखाद्या फ्यूजचा किंवा तुटक्या वायरचा असतो, आणि धुळीत खोललेल्या चांगल्या पंपात माती जाऊन तो खरोखरच निकामी होतो. सभासदांनी मेकॅनिक व्हावे असा हेतू नाही. पण गाडी भाड्याची असो वा पोराने कर्ज काढून घेतलेली, दोष कोणत्या बाजूचा हे कळले तर खर्च आणि दिवस दोन्ही वाचतात.

गाडी चालते कशी?

पोकलेन हे नाव फ्रान्समधल्या एका कंपनीवरून पडले. जुन्या गाड्यांत लिव्हर ओढली की व्हॉल्व्ह थेट सरकत असे; विजेचे काम इंजिन सुरू करण्यापुरतेच. आताच्या गाड्यांत तसे नाही. वीस टनी गाडीत बूम उचलणाऱ्या मुख्य तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ३५० किलोच्या आसपास जातो. एवढा दाब लिव्हरने आवरत नाही. म्हणून ३५ ते ४० किलो दाबाचे वेगळे ‘पायलट’ तेल असते आणि ते मुख्य व्हॉल्व्ह सरकवते. बैल केवढाही ताकदीचा असला तरी तो वेसणीने वळतो, तसेच हे.

या वेसणीची दोरी विजेच्या हाती आहे. आपरेटरच्या डाव्या बाजूला लॉक दांडा असतो. तो खाली केला की लिमिट स्विच दाबला जातो, सोलेनॉइडच्या कॉइलला वीज मिळते, व्हॉल्व्ह उघडतो आणि पायलट तेल पुढे जाते. आपल्या विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरमधली नो-व्होल्ट कॉइल आठवा. वीज गेली की ती सोडते आणि मोटार थांबते. इथेही कॉइलची वीज गेली की सगळ्या लिव्हर मेल्यासारख्या होतात. पंप मात्र ठणठणीत असतो.

लक्षणावरून अंदाज

१) सगळ्याच हालचाली एकदम बंद, इंजिन व्यवस्थित : आधी लॉक दांड्याची वीज पाहावी. फ्यूज, स्विच, वायर, कॉइल या क्रमाने.

२) एकच हालचाल बंद, बाकी सर्व ठीक : दोष बहुधा त्या व्हॉल्व्हचा, सिलिंडरचा किंवा पाइपचा.

३) तेल तापेल तशी गाडी हळूहळू मंद होते : झीज किंवा तेल पातळ होणे, म्हणजे तेलाची बाजू.

४) झटक्यात बंद आणि थोड्या वेळाने किंवा हादऱ्याने पुन्हा चालू : ढिली वायर किंवा तापल्यावर आतून तुटणारी कॉइल.

५) सर्व काम मंद किंवा भार येताच इंजिन दबते : पंपावर नियंत्रण ठेवणारा विजेचा व्हॉल्व्ह किंवा सेन्सर असू शकतो. बऱ्याच गाड्यांत यासाठी आपत्कालीन स्विच असतो. तो टाकल्यावर गाडी सुधारली तर पंप चांगला आहे आणि दोष विजेत आहे असे समजावे.

तपासणी कशी करावी?

बकेट जमिनीवर टेकवावी, इंजिन बंद करावे. गाडीच्या टप्प्यात कुणी उभे राहू नये. चावी ऑन ठेवावी. इंजिन सुरू करण्याची गरज नाही.

प्रथम बॅटरी. १२ व्होल्टच्या दोन मिळून २४ व्होल्ट होतात. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा मळ साफ करून ती आवळावीत. मग फ्यूज. उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घालावा. पुन्हा उडाला तर वायर कुठेतरी पत्र्याला लागली आहे. मोटा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालू नये.

नंतर कॉइल. दुसऱ्याने लॉक दांडा खाली-वर करावा. ‘टक’ असा आवाज येतो का ऐकावे. कॉइलच्या नटाजवळ स्क्रूड्रायव्हरचे टोक धरल्यास ते ओढले जाते. ओढ नसेल तर कॉइलचा प्लग काढून त्याच्या दोन पिनांना ट्रकचा २४ व्होल्टचा दिवा लावावा. दिवा लख्ख पेटला तर वीज येते आहे, कॉइल तपासावी. पेटला नाही, पण दुसरे टोक चेसिसच्या स्वच्छ लोखंडाला लावताच पेटला, तर अर्थची वायर तुटली आहे. तरीही पेटला नाही तर दोष स्विच-फ्यूजच्या बाजूला आहे.

मीटर असताना दिवा कशाला, असे काही जण विचारतील. दहापैकी नऊ तारा तुटलेली वायरही मीटरवर २४ व्होल्ट दाखवते, पण भार येताच बसते. ठिबकच्या पाइपात कचरा अडकला, तर कॉक बंद असताना दाब पूर्ण दिसतो. कॉक उघडला की थेंब थेंब. दिवा म्हणजे उघडलेला कॉक. मात्र हा दिवा कॉम्प्युटरच्या बारीक वायरींना किंवा सेन्सरला कधीही लावू नये. तिथे मीटरच वापरावा.

कॉइलचा रोध मीटरवर पाहावा. ४० ओहमची कॉइल २४ व्होल्टवर ०.६ अँपिअर घेते. मीटर काहीच दाखवत नसेल तर ती तुटली, शून्याजवळ दाखवत असेल तर जळली. बहुतेक गाड्यांत नट काढून नुसती कॉइल बदलता येते, तेल सांडत नाही. कॉइल ओढते आहे आणि तरीही लिव्हर मेलेल्याच, तर मात्र पायलट दाबाचे गेज लावण्यासाठी हायड्रॉलिकचा जाणकार बोलवावा.

हे करू नये

स्टार्टर ‘डायरेक्ट’ करण्याची सवय पोकलेनवर नेऊ नये. लॉक दांड्याचा स्विच डायरेक्ट केला तर गाडी चालेल, पण आपरेटर उतरताना बाही लिव्हरला अडकली की बूम फिरेल, आणि खाली आपलेच माणूस असेल. त्या स्विचमुळे जीव वाचतो. तेलाची गळती हाताने चाचपू नये. बारीक धार कातडीत घुसते. बकेटचे दात वेल्डिंग करताना बॅटरीची टर्मिनले काढावीत व अर्थचा चिमटा वेल्डिंगजवळ लावावा, नाही तर कॉम्प्युटर जळतो. गाडी बरेच दिवस बांधावर उभी राहिली असेल तर उंदरांनी वायरी कुरतडल्या आहेत का ते पाहूनच सुरू करावी.

शेवटी हिशेबाची गोष्ट. तासाचे मीटर इंजिनवर चालते, बकेटवर नाही. गाडी थांबताच आकडा वहीत लिहून आपरेटरची सही घ्यावी. ऊसतोडणी यंत्रातही विजेने उघडणारे असेच व्हॉल्व्ह असतात, त्यामुळे गळिताच्या दिवसांतही ही तपासणी उपयोगी पडेल. एक दिवा, दोन वायरी आणि चार फ्यूज एवढे सामान कामावर जवळ ठेवावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी