जुनी स्पोर्ट्‌स मोटार आणि नागपूरचा उन्हाळा

कोणतेंहि यंत्र ज्या हवेसाठीं घडविलें जातें त्या हवेंत तें सुखानें चालतें. इंग्लंडांतील ॲबिंग्डन येथें १९४५ ते १९४९ या काळांत सुमारें दहा हजार एम. जी. टी. सी. मोटारी तयार झाल्या. १२५० सी. सी. चें चार सिलिंडरांचें इंजिन, दोन एस. यू. कार्ब्युरेटर आणि तारेच्या आऱ्यांचीं चाकें असलेली ही लहानशी मोटार थंडीच्या दिवसांत नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधून डौलानें फिरेल; परंतु मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर चढला कीं तीच वर्धा रोडवर भर उन्हांत अडून बसण्याचा संभव असतो.

अशा वेळीं एक फसवा अनुभव येतो. अर्धा तास झाडाखालीं उभी राहिल्यावर मोटार आपोआप सुरू होते, आणि मधल्या वेळांत ज्या भागाला हात लावलेला असेल त्यालाच श्रेय मिळतें. वस्तुतः दोष केवळ निवलेला असतो, गेलेला नसतो. यास्तव मोटार बंद पडतांच, इंजिन गरम असतांनाच आणि एका वेळीं एकच गोष्ट पाहून, पेट्रोल, ठिणगी व पाणी यांपैकीं काय बिघडलें तें ठरवावें.

प्रथम पेट्रोल. टी. सी. ची टाकी अगदीं मागें असून विजेवर चालणारा पंप पुढें, बॉनेटखालीं, इंजिनाच्या उष्णतेंत बसविलेला असतो. लांब नळींतून पेट्रोल ओढलें जात असतां नळींतील दाब कमी होतो, त्यामुळें तापलेल्या पेट्रोलची तेथेंच वाफ होते. इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवावी आणि कान द्यावा. पंप कांहीं वेळां टक्‌टक्‌ करून शांत झाला तर कार्ब्युरेटर भरले असें समजावें. टक्‌टक्‌ अखंड व घाईची असेल तर पंप वाफ किंवा हवा ओढीत आहे, किंवा टाकी तरी रिकामी आहे. नळीवर ओलें फडकें गुंडाळल्यानें आवाज पूर्ववत्‌ झाला तर वाफ हेंच कारण. न झाल्यास नळीचे सांधे तपासावे. आज भारतांत मिळणाऱ्या पेट्रोलमध्यें २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. त्यानें जुनें रबर फुगतें किंवा चिरतें, म्हणून जुन्या नळ्या बदलणें अगत्याचें आहे.

पेट्रोल येत असेल तर ठिणगी पाहावी. मात्र पेट्रोलचा वास येत असल्यास ही परीक्षा मुळींच करूं नये, कारण आग लागण्याचें भय असतें. प्लगची तार काढून, कोरड्या लाकडी चिमट्यांत धरून, तिचें टोक इंजिनाच्या लोखंडापासून दोन सूत दूर ठेवावें आणि दुसऱ्याकडून स्टार्टर फिरवावा. निळी, कडकडणारी ठिणगी उत्तम. ती पिवळट व क्षीण असेल तर उष्णतेनें दुबळा झालेला कंडेन्सर किंवा कॉइल यांवर संशय घ्यावा. येथें आणखी एक सावधगिरी हवी. या मोटारींत बॅटरीचें धन टोक सांगाड्याला जोडलेलें असतें. आजच्या मोटारींची संवय झालेला कारागीर सहजच तें उलट जोडतो आणि डायनॅमोचें नुकसान होतें.

तिसरी गोष्ट पाणी. टी. सी. च्या रेडिएटरांत आधुनिक मोटारीप्रमाणें दाब राखलेला नसतो, म्हणून पाणी शंभर अंशांच्या सुमारास उकळूं लागतें. पंख्याचा पट्टा सैल आहे काय, रेडिएटरच्या जाळींत धूळ व किडे अडकले आहेत काय, हें आधीं पाहावें. विहिरीच्या जड पाण्यानें आंत क्षाराचे थर बसतात, म्हणून शुद्ध केलेलें पाणी वापरावें. तापलेल्या इंजिनांत थंड पाणी कधींहि ओतूं नये. बीड तडकतें, आणि तसा दुसरा ठोकळा आज सहज मिळत नाहीं. झांकणहि निवल्यावरच उघडावें, कारण उसळत्या पाण्यानें चेहरा भाजतो.

मोटार कोठें थांबली, त्या वेळीं उष्णमान किती होतें आणि कोणती खूण दिसली याची टिपण वहींत ठेवावी. दोनचार वेळांच्या टिपणांवरून खरा दोष बहुधा उघड होतो, आणि पुन्हां न मिळणारे मूळचे भाग विनाकारण खोलले जाण्यापासून वांचतात.