ब्लॅकपूल : सुट्टीचे शहर, त्याची नगरपालिका आणि रिकाम्या खोल्या



इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, आयरिश समुद्राला लागून, लँकेशायर भागात ब्लॅकपूल नावाचे शहर आहे. क्षेत्रफळ सुमारे ३५ चौरस किलोमीटर आणि २०२१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १ लाख ४१ हजार. आपल्या देशाच्या मानाने हे एक मध्यम आकाराचे गावच. पण इंग्लंडमध्ये ‘समुद्रकाठची सुट्टी’ म्हटले की आजही पहिल्या काही नावांत ब्लॅकपूलचे नाव येते. १५८ मीटर उंचीचा मनोरा, समुद्रात शिरलेले तीन पीअर, किनाऱ्यावरून धावणारी ट्राम, शरद ऋतूतील दिव्यांची रोषणाई, हे सारे तेथे आहे.

आता दुसरे चित्र पाहा. इंग्लंडमध्ये भागाभागांतील वंचितता मोजणारा एक सरकारी निर्देशांक आहे. त्याच्या २०१९ च्या यादीत देशातील सर्वांत वंचित १० वस्त्यांपैकी ८ वस्त्या एकट्या ब्लॅकपूलमध्ये होत्या. त्याच सुमारास तेथील पुरुषांचे सरासरी आयुर्मान सुमारे ७४ वर्षे, म्हणजे इंग्लंडमध्ये सर्वांत कमी होते.

ही दोन चित्रे एकाच शहराची कशी? ‘पर्यटन बुडाले म्हणून शहर बुडाले’ हे उत्तर अनेक पुस्तकांत मिळते. ते अर्धेच खरे आहे. हा पाठ वाचताना एका प्रकारच्या इमारतीवर लक्ष ठेवा : बोर्डिंग हाउस, म्हणजे पाहुण्यांना खोली आणि जेवण पुरवणारे घर. या शहराची श्रीमंती याच घरांतून आली आणि पुढे गरिबीही याच घरांत राहायला आली.

गिरणीची जत्रा

ब्लॅकपूलचा शब्दशः अर्थ ‘काळे तळे’. दलदलीच्या जमिनीतून गढूळ काळसर पाणी जेथे समुद्राला मिळे, त्या जागेवरून हे नाव पडले. अठराव्या शतकात समुद्रस्नान आरोग्याला चांगले, असे डॉक्टर सांगू लागले आणि थोडे सुखवस्तू लोक येथे येऊ लागले. तरीही १८५१ मध्ये वस्ती अडीच हजारांच्या आसपासच होती. १९०१ मध्ये ती ४७ हजारांवर गेली. मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या होत्या. १८४६ मध्ये गावात रेल्वे आली, आणि पूर्वेकडच्या कापडगिरण्यांच्या शहरांतील कामगारांच्या हातात थोडा पैसा खुळखुळू लागला.

या कामगारांची सुट्टी नीट समजून घेतली पाहिजे. लँकेशायरमध्ये ‘वेक्स’ नावाचा उत्सव असे. मुळात तो त्या त्या गावाच्या चर्चचा वार्षिक उत्सव, साधारण आपल्याकडच्या ग्रामदैवताच्या जत्रेसारखा. गिरण्या आल्यावर मालकांच्या लक्षात आले की जत्रेच्या दिवसांत कामगार तसेही फिरकत नाहीत. तेव्हा त्या काळात गिरणीच बंद ठेवून बॉयलरची साफसफाई व दुरुस्ती उरकणे त्यांना सोयीचे वाटले. होता होता ‘वेक्सचा आठवडा’ रूढ झाला. त्या आठवड्यात जवळजवळ सगळे शहर बंद असे. ही सुट्टी बिनपगारी होती. कामगार वर्षभर बचतमंडळात दर आठवड्याला थोडे थोडे पैसे टाकत आणि सुट्टीच्या आधी ते काढून घेत.

महत्त्वाचे हे की प्रत्येक शहराचा आठवडा वेगळा होता. बर्नली एका आठवड्यात, ब्लॅकबर्न दुसऱ्या, ओल्डम आणखी पुढच्या. त्यामुळे ब्लॅकपूलला चार दिवसांची गर्दी आणि मग शुकशुकाट असा प्रकार न होता उन्हाळाभर एका शहरामागून दुसरे शहर येत राहिले. लहानशा घरमालकिणीलाही खोल्या बांधण्यात पैसे घालणे परवडले ते यामुळे.

येथे आपला संबंध येतो. पहिल्या महायुद्धापूर्वी लँकेशायरच्या कापडाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक हिंदुस्थान होता. बर्नलीच्या विणकर स्त्रीने ब्लॅकपूलच्या वाळूवर खर्च केलेल्या पैशाचा काही भाग मुंबई-कलकत्त्याच्या कापडबाजारातून आलेला होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आता घरांकडे. किनाऱ्यावरील गावाला कोणते रूप येते, हे तेथील जमीन कोणाकडे आहे यावर बरेच ठरते. ईस्टबोर्नमध्ये बहुतांश जमीन ड्यूक ऑफ डेव्हनशायरसारख्या बड्या जमीनदाराकडे होती. त्यांनी रुंद रस्ते आणि मोठी घरे आखली व गर्दीचे धंदे दूर ठेवले. ब्लॅकपूलच्या मध्यभागी जमिनीचे लहान लहान तुकडे झाले होते आणि असा एक धनी कोणी नव्हता. म्हणून रेल्वेस्थानकांच्या भोवती अरुंद दर्शनी भागाच्या, तीन-चार मजली घरांच्या रांगा उठल्या. त्या चालवणाऱ्या बहुतेक स्त्रिया होत्या. विधवा, अविवाहित बहिणी, गिरणीत काम करून चार पैसे साठवलेली जोडपी. हंगामात घरचे लोक स्वयंपाकघरात किंवा माळ्यावर झोपत आणि खोल्या पाहुण्यांना देत. एका पद्धतीत पाहुणा बाजारातून स्वतः जिन्नस आणून देई आणि मालकीण ते शिजवून देई. जेवणाच्या टेबलावरील मीठ-मिरीच्या भांड्यांचे पैसे वेगळे लावले जात, यावरून किती विनोद झाले त्याला गणती नाही. इतिहासकार जॉन के. वॉल्टन यांनी १९७८ मध्ये या घरमालकिणींवर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले. सामाजिक इतिहासाची आवड असणाऱ्यांनी ते मुळातून वाचावे.

नगरपालिका धंद्यात उतरते

ब्लॅकपूलचे स्थानिक शासन १८५१ मध्ये आरोग्य मंडळाच्या रूपाने सुरू झाले. १८७६ मध्ये त्याला नगरपालिकेचा दर्जा मिळाला. १९०४ मध्ये ते ‘काउंटी बरो’ झाले, म्हणजे जिल्ह्याच्या वरच्या संस्थेपासून स्वतंत्र झाले. शाळा, रस्ते अशी कामे त्याच्याकडे आली.

पण दर्जापेक्षाही १८७९ सालचा एक खास कायदा अधिक महत्त्वाचा आहे. या कायद्याने ब्लॅकपूलला स्थानिक मालमत्ता करात दर पौंडामागे दोन पेन्सपर्यंत भर घालून तो पैसा बँडवादन आणि गावाची जाहिरात यांवर खर्च करण्याची मुभा मिळाली. करदात्यांच्या पैशाने जाहिरात करण्याचा असा अधिकार इतर गावांना वरिष्ठ सरकार देत नसे. त्यांना मर्यादित स्वरूपात तो १९२१ च्या कायद्याने मिळाला. म्हणजे चार दशके ब्लॅकपूलची भित्तिपत्रके इंग्लंडभरच्या रेल्वेस्थानकांवर लागत होती आणि प्रतिस्पर्धी गावे पाहत बसली होती.

त्याच वर्षी नगरपालिकेने किनाऱ्यावर ८ विजेचे आर्क दिवे लावले. एडिसनच्या दिव्याचे पेटंट व्हायचे होते, तेव्हाची ही गोष्ट. १८८५ मध्ये किनाऱ्यावर विजेची ट्राम धावू लागली आणि १८९२ मध्ये नगरपालिकेने ती स्वतःकडे घेतली. १८९३ मध्ये स्वतःचे वीजकेंद्र आले. १९१२ मध्ये किनारी रस्त्याच्या नव्या भागाच्या उद्घाटनासाठी राजकन्या लुईस आल्या, तेव्हा सुमारे १० हजार दिव्यांची रोषणाई केली गेली. ती इतकी गाजली की पुढे दरवर्षीचा नेम झाला. महायुद्धांच्या काळात आणि त्यानंतरच्या काही वर्षांत त्यात खंड पडला.

या रोषणाईमागचे अर्थशास्त्र लक्षात घ्या. ती रस्त्यावर आहे, तिला तिकीट नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, एरवी हंगाम संपला असता तेव्हा, ती लोकांना ओढून आणते. फायदा होतो तो हजारो लहान घरमालकिणी, खानावळी आणि दुकानदारांना. त्यांच्यापैकी कोणी एकटा दिव्यांचा खर्च करणार नाही, कारण शेजाऱ्यालाही फुकट लाभ मिळेल. ‘सार्वजनिक वस्तू’ ही संकल्पना तुम्ही सूक्ष्म अर्थशास्त्रात शिकता. तिचे याहून झगझगीत उदाहरण मला तरी माहीत नाही.

खासगी भांडवलही मागे नव्हते. नॉर्थ पीअर १८६३ मध्ये, विंटर गार्डन्स हे करमणूकगृह १८७८ मध्ये उघडले. पॅरिसच्या आयफेल टॉवरवरून स्फूर्ती घेतलेला मनोरा १८९४ मध्ये उभा राहिला. टॉवर कंपनीचे अध्यक्ष जॉन बिकरस्टाफ हे शहराचे महापौरही होऊन गेले होते. हॉटेलवाले, मद्यविक्रेते, बांधकामवाले हेच नगरसेवक असत. आजच्या कसोटीने याला हितसंबंधांचा संघर्ष म्हणावे लागेल, आणि ते बरोबरही आहे. पण नगरपालिकेने पाहुण्यांचा धंदा हाच आपला धंदा मानला, त्याचे एक कारण हेच आहे.

सगळे मात्र ठरवल्याप्रमाणे होत नसे. १८९७ मध्ये नगरपालिकेने वाळूवरचे भविष्यवाले, डोक्याचा आकार पाहून स्वभाव सांगणारे, तऱ्हेतऱ्हेचे विक्रेते यांना हटवायचे ठरवले. ते उठले आणि समोरच्या घरांच्या अंगणांत जागा भाड्याने घेऊन बसले. आज ‘गोल्डन माइल’ म्हणून प्रसिद्ध असलेला करमणुकीचा पट्टा असा तयार झाला.

अधिकार कसे आटले

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये राष्ट्रीयीकरण झाले. १९४८ मध्ये वीज आणि १९४९ मध्ये गॅस नगरपालिकांच्या हातून गेले. १९७२ च्या स्थानिक शासन कायद्यानुसार १९७४ मध्ये काउंटी बरो रद्द झाले. ब्लॅकपूल हे लँकेशायर काउंटीखालील एक दुय्यम स्तर बनले आणि शिक्षण, समाजकल्याण, मुख्य रस्ते काउंटीकडे गेले. पाणी आणि सांडपाणी प्रादेशिक प्राधिकरणांकडे व १९८९ मध्ये खासगी कंपन्यांकडे गेले. त्याचा परिणाम पाहा. शहराचे भांडवल म्हणजे त्याचा किनारा. १९९३ मध्ये युरोपीय न्यायालयाने ब्लॅकपूल व साउथपोर्टच्या स्नानकिनाऱ्यांवरील पाणी ठरलेल्या दर्जाचे नाही, म्हणून ब्रिटनला दोषी धरले. बदनामी शहराच्या वाट्याला आली आणि सांडपाण्याच्या वाहिन्या दुसऱ्याच्याच ताब्यात होत्या.

१९९८ मध्ये ब्लॅकपूल पुन्हा काउंटीपासून वेगळे, एकस्तरीय प्राधिकरण झाले. आज ४२ नगरसेवक चार वर्षांसाठी निवडून येतात. महापौरपद शोभेचे आहे, खरी सत्ता कौन्सिलच्या नेत्याकडे आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे असते. उत्पन्नाची बाजू मात्र लंगडी आहे. घरांवरचा कौन्सिल टॅक्स १९९१ मधील किमतींच्या गटांनुसार ठरतो आणि येथील घरे प्रामुख्याने खालच्या गटांत मोडतात. केंद्राचे अनुदान २०१० नंतर कमी होत गेले.

पाहुणे गेले, खोल्या राहिल्या

ब्लॅकपूलच्या उताराची कारणे सांगताना स्पेनला जाणारी स्वस्त विमाने हमखास सांगितली जातात. ती आहेतच. पण त्याहून खोल कारण असे की ज्यांच्यासाठी शहर बांधले होते, त्या गिरण्याच बंद पडल्या. गिरणी नाही तर वेक्सचा आठवडाही नाही. एका शहराने एकगठ्ठा येण्याची रीत संपली. मोटारगाडी आली, आणि माणसे सकाळी येऊन रात्री परत जाऊ लागली. आजही वर्षाला एक कोटीहून बऱ्याच अधिक भेटींची नोंद होते. ‘पर्यटन बुडाले’ हे म्हणूनच अर्धसत्य आहे. गर्दी राहिली, मुक्काम कमी झाला. मुक्कामी येणाऱ्यालाही आता खोलीला जोडून न्हाणीघर हवे होते, आणि जुन्या घरांत मजल्याला एक न्हाणीघर असे.

आता एका घरमालकाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. दहा-बारा लहान खोल्यांचे घर आहे, हंगाम वीस-बावीस आठवड्यांचा, पाहुणे कमी. दुसरा मार्ग असा : प्रत्येक खोलीत एक शेगडी बसवून ती वर्षभर भाड्याने द्यायची. भाडेकरू बेकार किंवा आजारी असेल तर त्याच्या भाड्यासाठी सरकारी मदत मिळते, म्हणजे बावन्न आठवड्यांचे उत्पन्न जवळपास नक्की. शिवाय या मदतीची कमाल रक्कम एकट्या ब्लॅकपूलच्या भाड्यांवरून ठरत नाही. ती ‘फाइल्ड कोस्ट’ या मोठ्या क्षेत्रावरून ठरते, आणि त्यात लिदम सेंट ॲन्ससारखी सुखवस्तू गावे येतात. परिणामी शहराच्या मध्यभागातील निकृष्ट खोलीलाही बाजारभावापेक्षा चढे भाडे मिळू शकते. घर दुरुस्त करण्याची निकड उरत नाही.

मग येतात कोण? उत्तर इंग्लंडच्या इतर शहरांतून नोकरी, संसार किंवा तब्येत मोडलेली माणसे. खोली लगेच मिळते, अनामत फारशी लागत नाही, आणि कित्येकांच्या मनात लहानपणी येथे घालवलेल्या सुट्टीची आठवण असते. धडधाकट, शिकलेली तरुण मंडळी त्याच वेळी कामासाठी बाहेर पडतात. आयुर्मानाचा आकडा वाचताना हे ध्यानात ठेवा. तो येथील हवापाण्याचा परिणाम नाही. कोण आले आणि कोण गेले, याचा मोठा वाटा त्यात आहे. इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी क्रिस व्हिटी यांनी २०२१ चा आपला वार्षिक अहवाल किनारी गावांच्या आरोग्यावरच लिहिला, आणि बोर्डिंग हाउसांचे निकृष्ट घरांत झालेले रूपांतर हा त्यातील एक मुद्दा होता.

कौन्सिलने काय केले

शहराने आधी एका मोठ्या कॅसिनोवर भिस्त ठेवली होती. देशातील एकमेव ‘सुपर कॅसिनो’चा परवाना मिळेल ही आशा होती. जानेवारी २००७ मध्ये सल्लागार समितीने मँचेस्टरची शिफारस केली आणि पुढे सरकारने ती योजनाच गुंडाळली. राजकीय पक्षांची मोठी अधिवेशनेही त्याच सुमारास इतर शहरांकडे वळली.

त्यानंतर कौन्सिल जुन्या वाटेवर परतली, म्हणजे स्वतः धंद्यात उतरली. २०१० मध्ये तिने मनोरा आणि विंटर गार्डन्स यांसह काही मालमत्ता सुमारे ४ कोटी पौंडांना विकत घेतल्या. ट्राममार्ग नव्याने बांधून २०१२ मध्ये आधुनिक गाड्या सुरू केल्या आणि २०२४ मध्ये तो नॉर्थ रेल्वेस्थानकापर्यंत नेला. विंटर गार्डन्सला जोडून २०२२ मध्ये नवे परिषद केंद्र उघडले. २०२५ मध्ये ब्लॅकपूल हे लँकेशायरच्या नव्या संयुक्त प्राधिकरणाचा घटक झाले.

या सगळ्यांत कमी बोलले जाणारे पाऊल २०१५ चे आहे. त्या वर्षी कौन्सिलने स्वतःची एक गृहनिर्माण कंपनी काढली. ही कंपनी खोल्याखोल्यांत तुकडे झालेली जुनी बोर्डिंग हाउसे विकत घेते, आतल्या भिंती पाडून त्यांची कुटुंबाला राहता येतील अशी मोजकी घरे करते आणि ती भाड्याने देते. काम संथ आहे. कंपनी एक घर दुरुस्त करते तेव्हा शेजारचा मालक अजूनही वर सांगितलेलाच हिशेब करत असतो, आणि तो हिशेब ज्या नियमांवर चालतो ते नियम ब्लॅकपूलमध्ये नव्हे, लंडनमध्ये ठरतात.