ओळ हलता कामा नये

सकाळी ९. घाटंजीतलं आमचं सेवा केंद्र उघडलं, की आधी अतिवृष्टीच्या पंचनाम्यांचे गठ्ठे गावनिहाय लावते. कपाशी, सोयाबीन, तूर. आज चारच रकाने भरायचे: गाव, गट क्रमांक, खाते क्रमांक, नाव. आधार आणि बँक पासबुकच्या झेरॉक्स मागाहून येतात, टक्केवारी कृषी सहायकांकडून. सगळं हाती येईपर्यंत थांबायचं म्हटलं, तर मदत रब्बी पेरून झाल्यावर मिळेल.

गटात चार वाटेकरी, आठ-अच्या एका खात्यात तिघं भाऊ सामाईक, आणि एकाच नावाचे दोघं तर गावोगावी. म्हणून नोंद करतानाच प्रत्येक ओळीला स्वतंत्र क्रमांक देते आणि तोच लाल पेनाने कागदावर लिहिते. पुढचा प्रत्येक रकाना या क्रमांकाशी जुळवूनच आत जातो.

११.३०. "ताई, माहं नाव आलं काय?"

"आलं काकाजी. पासबुक तेवढं आणून द्या."

दुपारी १. काल भरलेल्या गावांची बँक खाती. आधी तो रकाना 'टेक्स्ट' करून घ्यायचा. नाहीतर एक्सेल खात्याच्या सुरुवातीची शून्यं गिळतं आणि पंधराच्या पुढचे अंक शून्य करून टाकतं. आयएफएससी अकरा अक्षरांचा, पाचव्या जागी नेहमी शून्य. कागदावर तिथे हमखास इंग्रजी 'ओ' असतो. सर्वांत मोठा धोका मात्र नुसत्या नावांच्या रकान्याला क्रम लावण्याचा. नावं वरखाली होतात, खाती जागेवरच राहतात, आणि एकाचं अनुदान दुसऱ्याच्या खात्यात जातं.

४. टक्केवारी. मदतीसाठी किमान ३३ टक्के नुकसान लागतं. आकडा आला नसेल, तर रकाना रिकामाच ठेवते. तिथे शून्य भरलं, तर नुकसानच झालं नाही अशी नोंद होते आणि बुडालेला माणूस यादीतून बाद होतो. नव्या पोरांना मी हे सर्वांत आधी शिकवते. घाईत रिकामी जागा डोळ्यांना खुपते आणि बोट शून्याकडे जातं.

६. भरण्याआधीच्या आणि नंतरच्या ओळी मोजल्या, जुळल्या. पारव्याच्या काही नोंदींत खातं आहे, आयएफएससी नाही. त्या बाजूला काढून तलाठी साहेबांना फोन केला. यादी मंजूर होऊन विशिष्ट क्रमांक आले, की हेच शेतकरी ई-केवायसीचा अंगठा द्यायला इथे येतील. तोवर आधारचा रकाना पुरा व्हायला हवा.