तापीच्या पाण्यात मेक्सिकोचं बाळंतपण

प्लॅटी मासोळी आमच्या घरी आली ती एकटीच. सुरतेतल्या उधन्याच्या बाजारातून, हवा भरून गाठ मारलेल्या पिशवीत, रिक्षात मांडीवर बसून. दुकानदार जोडीच घ्या म्हणत होता. आम्हाला पिलावळ नको होती, म्हणून मुद्दाम एकच मादी घेतली. लालभडक, अंगठ्याएवढी, शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी स्पंज फिल्टरच्या मागे डोळ्यांच्या जोड्या दिसल्या. आधी डोळेच दिसतात, अंग नंतर. मोजली तर अठरा पिल्लं. बरं, दुकानातून येताना ती गाभण असणार, असं म्हणून विषय संपवला. पण चार आठवड्यांनी आणखी बावीस. टाकीत नर नाही, कधी नव्हताच. शेजारच्या काकू मूळच्या अमळनेरकडच्या. त्या अहिराणीत जे म्हणाल्या ते इथे छापण्याजोगं नाही.

उलगडा असा, की प्लॅटीची मादी नराचं बीज साठवून ठेवते. तिच्या अंडाशयाच्या आतल्या घड्यांमध्ये शुक्राणू कित्येक महिने जिवंत राहतात. एक बाळंतपण उरकलं की काही दिवसांत अंड्यांची पुढची खेप तयार होते आणि साठ्यातलं बीज कामाला येतं. एका भेटीवर चार-पाच बाळंतपणं, मधे नराचं तोंडही न पाहता. शिवाय हे बीज एकाच नराचं असेल असंही नाही. एका खेपेतल्या भावंडांचे बाप वेगवेगळे असू शकतात.

नर ओळखायचा तो पोटाखालच्या मागच्या परावरून. मादीचा हा पर पंख्यासारखा पसरट असतो. नर वयात येताना त्याच पराचे काटे लांबतात, एकमेकांना चिकटतात आणि त्याची टोकदार नळकांडीवजा काडी होते. तिच्यातून तो शुक्राणूंच्या पुरचुंड्याच मादीच्या अंगात सोडतो. या प्रजातीचं शास्त्रीय नाव झिफोफोरस, म्हणजे खड्गधारी. हेकेल या शास्त्रज्ञाने 1848 मध्ये ते दिलं. वाचणाऱ्याला वाटतं, नाव याच प्रजातीतल्या स्वोर्डटेल माशाच्या लांब शेपटीवरून पडलं असेल. हेकेलच्या डोळ्यांसमोर होतं ते हे पोटाखालचं शस्त्र.

अंडी असतातच, फक्त ती बाहेर पडत नाहीत. ज्या पिशवीत अंडं पिकतं त्याच पिशवीत ते फळतं आणि तिथेच पिल्लू वाढतं, मुख्यत्वे बलकावर. वासराला गाईकडून नाळेतून मिळतं तसं इथे फारसं काही मिळत नाही. आईने डबा आधीच भरून दिलेला असतो. साधारण चार आठवडे. पाणी उबदार असेल तर लवकर, गार असेल तर उशिरा. दिवस भरत आले की मादीचं पोट चौकोनी दिसू लागतं. फिकट रंगाच्या मादीच्या पोटात तर पिल्लांचे डोळे काळ्या मोहरीसारखे बाहेरून दिसतात. पिल्लू दुमडलेलंच बाहेर येतं, क्षणभर खाली जातं, मग सरळ होऊन पोहायला लागतं. जन्मतः सात-आठ मिलिमीटर लांब आणि पहिल्या मिनिटापासून स्वतःच्या जिवाला जबाबदार. त्याचा पहिला शत्रू बहुधा आईच असते. तोंडात मावेल ते खाणं हा प्लॅटीचा धर्म, आणि स्वतःचं मूल तोंडात अगदी बरोबर मावतं.

म्हणून टाकीत हायड्रिलाची किंवा जावा मॉसची दाट गुंतवळ हवी. दुकानात प्लास्टिकची ब्रीडिंग बॉक्स मिळते, पण त्या डबीत कोंडलेली गाभण मादी हबकते आणि कधीकधी वेळेआधीच मोकळी होते. मी झुडपांच्या बाजूचा. काही पिल्लं जातात, चपळ तेवढी उरतात. त्यांना उकडलेल्या अंड्याचा बलक चिमटीभर, किंवा दाणा बोटांनी पीठ करून, दिवसातून तीन-चार वेळा, थोडा थोडा.

आता सुरतेचं. जी प्लॅटी बाजारात सर्रास मिळते तिचं मूळ मेक्सिकोच्या आखाताकडच्या उतारावर, ग्वाटेमालात आणि बेलीझमध्ये आहे. त्या भागातली एक प्रसिद्ध नदी हामापा. ती ओरिसाबा या ज्वालामुखीच्या उतारावर उगम पावते आणि वेराक्रुझजवळ समुद्राला मिळते, साधारण एकोणिसाव्या अक्षांशावर, म्हणजे मुंबईच्याच रेषेत. सुरत एकविसाव्यावर. आणि आमच्या नळाला येते ती तापी. मुलताईला निघालेली, भुसावळवरून, खानदेशातून दख्खनच्या काळ्या दगडावरून क्षार गोळा करत आलेली. तो दगडही ज्वालामुखीचाच, फक्त साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ज्या पाण्याबरोबर खानदेशी लोकांची अर्धी लिंबायत वस्ती सुरतेला आली, त्या पाण्याच्या बादलीत मेक्सिकोची मासोळी बाळंत होते आणि तिला काही वावगं वाटत नाही. प्लॅटीला थोडं जड, किंचित अल्कधर्मी पाणी मानवतं. आम्लता-अल्कतेच्या मोजपट्टीवर सात ते आठ. मऊ पाण्याच्या माशांसाठी लोक खटपटी करतात, इथे नळ उघडला की निम्मं काम झालं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तेवढं काढायचं. अँटिक्लोरीनचे थेंब टाकायचे, किंवा बादली एक दिवस उघडी ठेवायची.

याच पाण्याची एक वाईट खोडही सांगितली पाहिजे. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या दाण्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजात वस्तीला असलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करतात. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि नवी टाकी आणून दुसऱ्याच दिवशी डझनभर मासे सोडणाऱ्याचे मासे मरतात ते यामुळे. पाणी जितकं अल्कधर्मी आणि जितकं गरम, तितका अमोनियाचा विषारी हिस्सा वाढतो. सुरतेचा मे महिना या दोन्ही अटी पुऱ्या करतो. त्यात वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर तीस अंशांना साडेसातच. म्हणून उन्हाळ्यात दाणा कमी, हवेचा पंप चालू, आठवड्याला पाव टाकी पाणी बदल. स्पंज नळाखाली कधीच धुवायचा नाही. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नाहीतर क्लोरीनने जिवाणूंची वस्ती साफ.

आता तिच्या त्या काळ्या ठिपक्याकडे वळू. 1920 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मायरन गॉर्डन आणि जर्मनीत कुर्ट कॉसविग यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. ठिपक्यांची प्लॅटी आणि स्वोर्डटेल यांचा संकर केला की पिल्लांचे ठिपके पसरट होतात. त्या पिल्लांचा पुन्हा स्वोर्डटेलशी संकर केला की सुमारे चौथाई पिल्लांमध्ये ठिपक्यांचा जीवघेणा मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा कर्करोग होतो. कारण प्लॅटीच्या अंगात कर्करोगाचं जनुक असतं आणि त्याला वेसण घालणारं दुसरं जनुकही असतं. दोन्ही एकत्र असतात तोवर ठिपका नुसता शोभेचा. संकरात वेसण एकीकडे आणि बैल दुसरीकडे गेला की उधळला. त्या बैलाचा शोध 1989 मध्ये लागला. त्याला एक्सएमआरके म्हणतात. गॉर्डनने 1939 मध्ये हामापा नदीतून आणलेल्या प्लॅटींचा वंश टेक्सासमधल्या प्रयोगशाळेत आजही चालू आहे, आणि त्याच वंशातल्या मादीचा संपूर्ण जनुकसंच 2013 मध्ये प्रसिद्ध झाला.

मुलगा की मुलगी, हा हिशेबही इथे निराळाच. माणसात एक्स आणि वाय, कोंबड्यांत डब्ल्यू आणि झेड. या प्लॅटीत एक्स, वाय आणि डब्ल्यू अशी तीन लिंगगुणसूत्रं एकाच जातीत नांदतात. दोन एक्स, एक्स-डब्ल्यू आणि वाय-डब्ल्यू, या तिन्ही माद्या. एक्स-वाय आणि दोन वाय, हे दोन्ही नर. त्यामुळे दोन एक्सवाल्या मादीला दोन वायवाला नर भेटला तर सगळेच मुलगे. एक्स-डब्ल्यू मादी आणि एक्स-वाय नर जमले तर तीन मुलींमागे एक मुलगा. बाजारातल्या प्लॅटींत स्वोर्डटेलचं रक्त बरंच मिसळलेलं असतं, म्हणून घरच्या टाकीत हे गणित इतकं चोख जमत नाही. तरी वहीत मांडून बघण्यासारखं आहे.

पिल्लांचं करायचं काय, हा प्रश्न प्रत्येकाला तिसऱ्या महिन्यात पडतो. तापीत किंवा खाडीत सोडून देणं हे उत्तर नव्हे. परक्या माशाने एकदा बस्तान बसवलं की त्याला उठवता येत नाही. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आणलेल्या गॅम्बुसियाने, या प्लॅटीच्याच नातलगाने, जगभर स्थानिक माशांना दिलेला त्रास सर्वांना माहीत आहे. ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ हे भिंतीवर वाचत आपण मोठे झालो. तो गप्पीही याच घराण्यातला, आणि गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यात 1983 पासून त्याने हिवतापाविरुद्ध मोठी कामगिरी बजावली. पण ते मासे हौद आणि टाक्यांत सोडायचे होते, नदीत नाही. आम्ही आमची पिल्लं मैदा-साखर मागायला येणाऱ्यांना बरणीत घालून देतो. आता मैदा मागायला कोणी येत नाही.

चौथ्या खेपेला फक्त सातच निघाली. साठा संपत आला असावा. काकूंनी विचारलं, आता हिला जोडीदार आणणार का? म्हटलं, मुळीच नाही. त्या संध्याकाळी टाकीपुढे बसलो होतो. पहिल्या खेपेतली पोरं तीन महिन्यांची झाली आहेत, आणि त्यातल्या तिघांच्या पोटाखालचा मागचा पर टोकदार दिसायला लागला आहे.