निळ्या गोलामागचे विज्ञान

सॅन फ्रान्सिस्कोहून होनोलुलूला जायचे तर सुमारे ३,८५० किलोमीटर नुसता समुद्र. वाटेत टेकायला एक बेटही नाही. १९३५ साली एवढ्या अंतराला पुरेल इतके इंधन विमानात भरले, की माणसांसाठी आणि टपालासाठी फारच थोडे वजन उरत असे. तरीही त्या वर्षी २२ नोव्हेंबरला पॅन अमेरिकन एअरवेज म्हणजे ‘पॅन ॲम’चे ‘चायना क्लिपर’ एक लाखाहून अधिक पत्रे घेऊन निघाले. होनोलुलू, मिडवे, वेक, ग्वाम असे टप्पे घेत ते २९ तारखेला मनिलाला पोचले.

चार इंजिनांचे हे विमान पाण्यावरून उडे आणि पाण्यावरच उतरे. इंधनाने जड झालेल्या विमानाला वेग घ्यायला लांब धावपट्टी लागते. पॅसिफिकच्या त्या बेटांवर तशा धावपट्ट्या नव्हत्या, पाणी मात्र सगळीकडे होते. वेक बेटावर शेतीजोगी जमीन नव्हती, म्हणून १९३० च्या दशकातच कंपनीने तिथे मातीविना, पोषकद्रव्ये मिसळलेल्या पाण्यावर भाज्या पिकवल्या.

अवघड काम होते बेट सापडण्याचे. दिशेत केवळ एका अंशाची चूक झाली, तरी ३,८५० किलोमीटरअखेर विमान सुमारे ६७ किलोमीटर बाजूला जाते. कंपनीचे रेडिओ अभियंता ह्यूगो लॉयटरिट्झ यांनी यावर उत्तर शोधले. विमानाने संदेश पाठवायचा आणि बेटावरच्या केंद्राने तो कोणत्या दिशेने आला हे मोजून वैमानिकाला कळवायचे. रात्री मात्र रेडिओलहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परावर्तित होऊन तिरप्या येतात आणि साधा वेटोळ्याचा अँटेना त्यांना फसतो. ॲडकॉक पद्धतीच्या रचनेत फक्त उभे अँटेना असल्याने लहरींचा फसवा आडवा भाग जवळजवळ गाळला जातो. पॅन ॲमने पॅसिफिकमधल्या तळांवर हीच यंत्रणा उभारली.

१९२७ मध्ये फ्लोरिडातील की वेस्ट ते हवाना या छोट्या टपालमार्गावर सुरू झालेल्या कंपनीचे सारे मोठेपण अशा कामांत आहे. संस्थापक हुआन ट्रिप बाजारात मिळणारी विमाने घेऊन थांबत नसत. जे विमान अजून अस्तित्वात नाही, ते ते कारखान्यांकडे मागत. ऑक्टोबर १९५५ मध्ये त्यांनी बोइंग ७०७ आणि डग्लस डीसी-८ या दोन्ही जेट विमानांची एकदम मागणी नोंदवली. त्या स्पर्धेमुळे बोइंगला आपले विमान अधिक रुंद करावे लागले.

एप्रिल १९६६ मध्ये त्यांनी ५२.५ कोटी डॉलरची २५ बोइंग ७४७ मागवली. एवढे विमान उडवायला नव्या प्रकारचे इंजिन हवे होते. इंजिनाचा रेटा मागे फेकलेल्या हवेचे वस्तुमान आणि तिचा वाढवलेला वेग यांच्या गुणाकारावर ठरतो. ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात खर्च होते. म्हणून थोडी हवा भरधाव फेकण्यापेक्षा पुष्कळ हवा बेताच्या वेगाने ढकलणे स्वस्त पडते. ७४७ च्या इंजिनात पुढचा मोठा पंखा गाभ्याच्या बाहेरून, गाभ्यातून जाणाऱ्या हवेच्या सुमारे पाचपट हवा ढकलत असे. आजच्या जेट प्रवासी विमानांची इंजिने याच तत्त्वावर चालतात. सुरुवातीला रेट्याच्या ताणाने इंजिनाचे कवच किंचित लंबगोल होई आणि पाती त्याला घासत. पहिल्या न्यूयॉर्क–लंडन उड्डाणाच्या वेळीही इंजिन तापल्याने विमान बदलावे लागले आणि २१ जानेवारी १९७० चे उड्डाण २२ तारखेच्या पहाटेवर गेले.

या विमानाच्या बळाबरोबरच कंपनीची अडचणही आली. ७४७ चे उड्डाणावेळचे कमाल वजन सुमारे ३३३ टन. साडेतीनशे प्रवासी आणि त्यांचे सामान मिळून त्यातले जेमतेम दशांश. म्हणजे निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या तरी इंधनाचा खर्च फारसा घटत नाही. १९७३ च्या अखेरीस तेल संकट आले, काही महिन्यांत किंमत चौपटीच्या आसपास गेली आणि हे गणित कंपनीवर उलटले. अमेरिकेच्या आतल्या शहरांतून प्रवासी गोळा करणारे जाळे तिच्याजवळ नव्हते. १९७८ मध्ये हवाई वाहतुकीवरचे सरकारी नियंत्रण उठल्यावर स्पर्धा आणखी वाढली. पुढे न्यूयॉर्कची इमारत विकली गेली, १९८५ मध्ये पॅसिफिकचे मार्ग विकण्याचा करार झाला.

५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेले पॅन ॲमचे ७४७ कराचीत अपहरणकर्त्यांनी ताब्यात घेतले. ७४७ आखताना, पुढे स्वनातीत विमाने प्रवासी नेतील आणि ७४७ मालवाहू होईल, या अंदाजाने त्याचे नाक वर उघडता यावे म्हणून कॉकपिट वरच्या मजल्यावर ठेवले होते. विमानातल्या कर्मचारी, मुंबईत वाढलेल्या नीरजा भनोत यांनी सावध केल्यावर वैमानिक तिथल्या छतातल्या झडपेतून बाहेर पडले आणि विमान उडवून नेणे अशक्य झाले. प्रवाशांना वाचवताना नीरजा यांचा मृत्यू झाला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. २१ डिसेंबर १९८८ रोजी स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर सामानातल्या बॉम्बने कंपनीचे आणखी एक विमान फुटले आणि २७० जण ठार झाले. त्यानंतर स्फोट सोसू शकणाऱ्या सामानपेट्यांवर संशोधन सुरू झाले. ४ डिसेंबर १९९१ रोजी पॅन ॲम बंद पडली.

नाव मात्र पुन्हा पुन्हा विकत घेतले गेले. छोट्या कंपन्या त्या नावाने उडून गेल्या, कंपनीचे बोधचिन्ह असलेला निळा गोल पिशव्यांवर झळकला. जून २०२५ मध्ये पॅन ॲमच्या रंगातले बोइंग ७५७ बर्म्युडा, लिस्बन, आयर्लंड अशा जुन्या मार्गावरून मोजक्या धनिक पाहुण्यांना फिरवून आले. आयर्लंडमधल्या फॉइन्सला क्लिपर विमाने थांबत, कारण त्यांना एका दमात अटलांटिक ओलांडून पुढे जाता येत नव्हते. आजच्या विमानाला ती गरज नाही. तेव्हाची अपरिहार्यता आता हौस झाली आहे.

ही हौस मला गैर वाटत नाही. पण तिच्यात पांढरे हातमोजे आणि शॅम्पेन उरते, रेडिओ केंद्र आणि इंजिनाचे वाकलेले कवच गळून पडते. एकूण बारा बोइंग ३१४ क्लिपर बांधली गेली होती, त्यांतले एकही आज शिल्लक नाही. फॉइन्सच्या संग्रहालयात पूर्णाकृती प्रतिकृती आहे, मायामी विद्यापीठात कंपनीची कागदपत्रे जतन केली आहेत. हे काम नावाच्या पुनरुज्जीवनापेक्षा मोलाचे आहे.

आपणही यातून शिकायला हवे. एअर इंडियाचे शेवटचे ७४७ एप्रिल २०२४ मध्ये सुट्या भागांसाठी मोडले जायला मुंबईहून अमेरिकेला गेले. विमानसेवा बंद पडू शकते, विकली जाऊ शकते. तिने सोडवलेले प्रश्न पुढच्या पिढीला कळायचे असतील, तर एखादे इंजिन उघडून दाखवणारे, एखादे कॉकपिट जपणारे दालन आपल्या शहरांत हवे, आणि तिथे शाळेतल्या मुलांना ते प्रश्न कसे सुटले हे समजावून सांगणारे अभियंतेही हवेत.